पौलाची पोचपावती : संकटात सामर्थ्य कोठून येते

वाचन : फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-२०, २:२५-३०, प्रेषितांची कृत्ये १६:११-४०



फिलिप्पैकरांस पत्रातील ४:१३ हे वचन ठाऊक नाही असा विश्वासणारा सापडणे कठीण. रिक्षाच्या मागच्या काचेवर ते असते, मंडळीच्या कॅलेंडरवर असते, परीक्षेच्या दिवसांत निम्म्या मित्रमंडळींच्या स्टेटसला असते. प्रभू सामर्थ्य देतो म्हणून मला सगळे जमेल, असा त्याचा अर्थ आपण धरतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री, मुलाखतीला जाताना, कर्जाचा हप्ता थकला की तेच वचन मनात घोळवतो. मागच्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी सात-आठ जणांनी मला तेच पाठवले होते. (वाणिज्य शाखेच्या पेपरात वचनासोबत ताळेबंदही जुळावा लागतो, ही गोष्ट वेगळी.)

त्याच्या लगेच पुढचे, चौदावे वचन मात्र कोणीच पाठवत नाही. ते 'तरी' अशा अर्थाच्या शब्दाने सुरू होते. पौलाचे म्हणणे असे की, प्रभू मला सामर्थ्य देतो हे खरेच. तरी माझ्या दुःखात तुम्ही वाटेकरी झालात हे फार चांगले केलेत. दोन्ही वचने एकमेकांना लागून आहेत. पहिले पाठ करून दुसरे सोडून दिले, तर संकटातल्या माणसाला आपण अर्धाच निरोप पोहोचवतो, आणि तो अर्धा निरोप कधीकधी त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे होऊन बसतो. "सामर्थ्य तर मिळते म्हणतात, मग मलाच का मिळत नाही? माझा विश्वास कमी पडतो का?" असे विचारणारे किती जण आपल्यात असतील. त्यांच्यासाठी ही दोन्ही वचने आज एकत्र वाचू.

पत्र कोणाचे, कोणाला

पौल हे पत्र कैदेतून लिहितो. परंपरेप्रमाणे ती कैद रोममधली, इ.स. ६० ते ६२ च्या सुमाराची. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया ही ठिकाणे सुचवतात. ठिकाण कोणतेही असो, तो बंधनात आहे आणि निकाल काय लागेल हे त्याला ठाऊक नाही. पहिल्या अध्यायात तो जगण्याची आणि मरण्याची अशा दोन्ही शक्यता समोर धरून बोलतो. रोमी साम्राज्यात कैद्याच्या खाण्यापिण्याचा आणि कपड्यालत्त्याचा भार बहुतेक वेळा त्याच्या नातलगांवर आणि मित्रांवरच पडे. बाहेरून कोणी काही आणून दिले तर त्याचे निभे. ही गोष्ट ध्यानात ठेवल्याशिवाय चौथा अध्याय नीट उलगडत नाही.

फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमी वसाहत. निवृत्त सैनिकांना तिथे वसवलेले होते. तिथल्या मंडळीची सुरुवात मोठ्या सभेने झाली नाही. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या काही स्त्रियांपासून झाली. त्यांतली लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. तिने पौलाला आग्रहाने घरी उतरवून घेतले. पुढे त्याच गावात पौल आणि सीला यांना छड्यांनी मारले, आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गीते गात होते, आणि भूकंप झाला. भूकंपाची गोष्ट आपण संडे स्कूलच्या मुलांना रंगवून सांगतो. त्यानंतर त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने रात्रीच त्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन ताट वाढले, हे सांगायचे राहून जाते. गाणी गाणाऱ्या माणसांच्याही पाठी सोललेल्या होत्या आणि त्या कोणीतरी धुवाव्या लागल्या.

अशी ही मंडळी. श्रीमंत मुळीच नव्हती. मासेदोनियातल्या मंडळ्या कमालीच्या गरिबीत असतानाही सढळ हाताने देतात, असे पौल करिंथच्या मंडळीला लिहितो (२ करिंथ ८:१-२). त्या गरीब मंडळीने आपल्यातल्या एपफ्रदीत नावाच्या भावाच्या हाती पौलासाठी देणगी पाठवली. आपण ज्याला आनंदाचे पत्र म्हणतो ते बऱ्याच अंशी त्या देणगीची पोच आहे.

'सर्व काही' म्हणजे काय

तेराव्या वचनातल्या 'सर्व काही'चा खुलासा पौलाने आधीच बाराव्या वचनात केला आहे. तिथे भूक आहे आणि तृप्ती आहे; टंचाई आहे आणि विपुलता आहे. या सगळ्यांत मी राहू शकतो, एवढेच तो सांगतो. सुटका होणारच, आजार बरा होणारच, नोकरी मिळणारच, असे त्यात काही नाही. उपास पडला तरी मी मोडणार नाही आणि पोटभर मिळाले तरी बिघडणार नाही, असा त्याचा भाव आहे. या दुसऱ्या अर्ध्यावर एक वेगळा धडा होऊ शकेल. विपुलतेत सामर्थ्य लागते हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

अकराव्या वचनात पौल समाधानी राहण्याविषयी बोलताना 'ऑटार्कीस' हा ग्रीक शब्द वापरतो. स्टोइक तत्त्वज्ञांचा हा आवडता शब्द. स्वतःला पुरेसा, कोणावाचून काही न अडणारा माणूस, असा त्याचा अर्थ. सुखदुःखाच्या झळा लागू न देणारे मन त्यांना आदर्श वाटे. पौल त्यांचा शब्द घेतो आणि दोन वचनांत त्याची दिशाच बदलून टाकतो. मी पुरेसा आहे, पण माझ्या जोरावर नाही, दुसऱ्याच्या सामर्थ्यावर. आणि मग लगेच तो 'तरी'. स्टोइक गुरूने कदाचित तिथे लिहिले असते की तुमच्या देणगीवाचून माझे काही अडले नव्हते. पौल तसे लिहीत नाही. तुम्ही आलात हे बरे झाले, असे लिहितो.

आपल्याकडे घट्ट मनाच्या माणसाचे फार कौतुक होते. "डोळ्यांतून टिपूस काढले नाही," असे आपण मयतीहून परतताना कौतुकाने सांगतो. ते धैर्य असेलही. पण पौलाला अभिप्रेत असलेले सामर्थ्य ते नव्हे.

आणखी एक शब्द : 'शिकलो'. हे समाधान पौलाला जन्मतः मिळालेले नव्हते, बाप्तिस्म्याच्या दिवशी आपोआप अंगात आले असेही नाही. ते तो शिकला, आणि शिकायला वर्षे लागली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच तो कबूल करतो की आशिया प्रांतात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो खचलेला आहे आणि त्याला धीर येतो तो तीताच्या येण्याने. देवाने आम्हाला सांत्वन दिले आणि ते तीताच्या हातून दिले, असे तो सरळ लिहितो. बाराव्या अध्यायात देहातला काटा निघावा म्हणून तो तीन वेळा विनवणी करतो. काटा निघत नाही. कृपा पुरेल, असे उत्तर मिळते. ज्याची प्रार्थना आजवर ऐकली गेली नाही असे वाटते, त्याने हे तीन अध्याय एका बैठकीत वाचावेत. आपण एकटे नाही हे त्याला दिसेल.

जमा, नावे आणि पावती

पुढची काही वचने वाचताना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला गप्प बसवत नाही. १५ ते १८ या चार वचनांत पौल चक्क हिशेबाच्या भाषेत बोलतो. देण्याघेण्याचा व्यवहार हा त्याचा शब्दप्रयोग त्या काळच्या व्यापाऱ्यांचा, आपल्या जमा-नावेसारखा. सतराव्या वचनात तो म्हणतो की मला देणगीची हाव नाही, तुमच्या खात्यावर फळ वाढत जावे अशी माझी इच्छा आहे. तिथेही खात्याचाच शब्द आहे. आणि अठराव्या वचनातला 'आपेखो' हा शब्द त्या काळच्या पावत्यांवर लिहिला जाई : रक्कम पूर्ण मिळाली. पपायरसवर आणि खापरांवर लिहिलेल्या अशा जुन्या पावत्या इजिप्तमध्ये सापडल्या आहेत.

मराठीत हे समजावून सांगायला वेगळे कष्ट पडत नाहीत. आपण म्हणतो 'भरून पावलो'. पावणे आणि पावती एकाच घरचे शब्द. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पावती फाडून दिली आहे आणि त्यावर लिहिले आहे, भरून पावलो.

मग एकोणिसाव्या वचनात तो म्हणतो की माझा देव तुमची गरज पुरवील. हेही वचन आपण सुटे काढून भिंतीवर लावतो. जागेवर ठेवून वाचले तर चित्र वेगळे दिसते. गरिबांनी आपल्या ताटातले काढून दिले आहे आणि कैदेतल्या माणसाकडे परत द्यायला काहीच नाही. म्हणून तो देवाच्या नावावर हुंडी लिहून देतो. हे वचन ज्यांना लिहिले ते देऊन बसलेले लोक आहेत. पैसा मिळावा म्हणून पैसा टाका, असा उपदेश या वचनातून काढणाऱ्यांनी ते लोक कोण होते हे एकदा पाहावे.

घेणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या वडिलांचे छोटे दुकान कित्येक आठवडे बंद होते. वचने पुष्कळ आली. मंडळीतल्या एक मावशी मात्र एका संध्याकाळी गव्हाचे पीठ, डाळ आणि तेलाची पिशवी दारात ठेवून गेल्या. वडिलांना ते घेणे फार जड गेले. आजवर देणाऱ्यांच्या बाजूला बसलेला माणूस घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो, तेव्हा त्याला पिठापेक्षा आपल्या नजरेतली किंमत गेल्याचे दुःख जास्त होते. आईने पिशवी आत घेतली, पोळ्या केल्या, आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्या मावशींचे नाव घेतले. वडील पहिल्यांदा त्या रात्री नीट जेवले. पौलाची पावती वाचताना मला आईची ती प्रार्थना आठवते. देणाऱ्याच्या पायाशी लोळण नाही, 'कशाला केलंत' असा खोटा संकोचही नाही. मिळाले असे सांगायचे, देणाऱ्याचे भले चिंतायचे आणि जेवायला बसायचे.

एकाच पत्रात आनंद आणि अश्रू

या चार अध्यायांत आनंद आणि आनंद करणे हे शब्द पंधराहून अधिक वेळा येतात. पण त्याच पत्रात, ३:१८ मध्ये, पौल रडत रडत सांगतो असे लिहितो. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकिकत आहे. देणगी घेऊन आलेला हा भाऊ वाटेत किंवा पोहोचल्यावर इतका आजारी पडला की मरणाच्या दारात गेला. देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल म्हणतो. या वाक्यावर थोडे थांबावे. मरण म्हणजे लाभ असे पहिल्याच अध्यायात लिहिणारा माणूस मित्राच्या मरणाला मात्र दुःखच म्हणतो. 'तो प्रभूकडे गेला, मग रडायचे कशाला?' असे शोकात असलेल्या घरी जाऊन बोलणाऱ्यांना पौलाचा आधार नाही.

चौथ्या अध्यायातले चिंतेविषयीचे वचन (६-७) याच पार्श्वभूमीवर वाचावे. चिंता करू नका असा नुसता हुकूम तिथे नाही. उपकार मानत आपली मागणी देवाला कळवा असे आहे. मग मागितलेले मिळेल असे म्हणण्याऐवजी, देवाची शांती तुमच्या मनाची राखण करील असे तो म्हणतो. राखण करण्याचा हा शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. पहारेकऱ्यांच्या गराड्यात बसलेला माणूस, जुन्या सैनिकांच्या गावातल्या लोकांना लिहितो की तुमच्या मनाच्या दारावरही पहारा असेल. पहारा बसतो म्हणजे बाहेर शत्रू असतोच. शांती असलेल्या माणसाला रात्री जाग येणार नाही, छातीत धडधडणार नाही, असे कोणी सांगू नये.

इथेच एक व्यावहारिक गोष्ट. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावेसे वाटत नाही, अशी कोणाची अवस्था असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे न्यावे. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता आणि पौलाला त्यात विश्वासाची कमतरता वाटली नाही. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन लावून देणे हेही वाटेकरी होणेच आहे.

रमाबाईंचे शिकणे

'शिकलो' या शब्दाला मराठी मुलखातले उदाहरण शोधायचे तर पंडिता रमाबाईंकडे जावे लागते. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. सारे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत पुराणे सांगे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात काही काळातच वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत राहिले. झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८८० मध्ये भाऊही गेला, १८८२ मध्ये पती. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला हलवले.

बाप्तिस्म्याने त्यांचा दुष्काळ संपला असे नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला. वाळूच्या खड्ड्यात रात्र काढलेली ही बाई तिकडे गेली आणि सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना घेऊन परतली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले ते यातून. शारदा सदनात आधी आलेल्या मुलींनी या नव्या मुलींना सांभाळायला हात लावला. दूरदेशीच्या अनोळखी लोकांनी पैसे पाठवले. रमाबाई प्रार्थनेवर अवलंबून होत्या यात शंका नाही. आणि त्या प्रार्थनेचे उत्तर धान्याच्या पोत्यांच्या, मनिऑर्डरींच्या आणि कालपर्यंत निराधार असलेल्या मुलींच्या हातांच्या रूपाने आले. त्यांनी बायबलचे मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केले, त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम केडगावच्या स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा तीच आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. दुःखे थांबली म्हणून त्यांना सामर्थ्य आले असे या आयुष्यात कुठेच दाखवता येत नाही. एकेका वर्षापुरते ते मिळत गेले.

आपल्या संगतीत

फिलिप्पैकरांस पत्र एकूण १०४ वचनांचे आहे. सावकाश वाचले तरी अर्ध्या तासात संपते. या आठवड्यात गटाने ते एकदा सलग मोठ्याने वाचावे आणि पेन्सिल घेऊन माणसांच्या नावांखाली रेघ ओढावी : तीमथ्य, एपफ्रदीत, युवदीया, सुंतुखे, क्लेमेंत. सामर्थ्याचे पत्र किती माणसांनी भरले आहे ते दिसेल.

जो आज अडचणीत आहे त्याने आपली गरज एका माणसाला नेमकी सांगावी. 'प्रार्थना करा' एवढेच म्हणून थांबू नये. फी भरायची आहे तर किती, दवाखान्यात सोबत हवी आहे तर कोणत्या दिवशी, हे सांगावे. पौलाने तीमथ्याला त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके आणायला सांगितले, हिवाळ्याआधी ये असेही सांगितले (२ तीमथ्य ४:१३, २१). प्रेषिताला झगा मागण्याचा कमीपणा वाटला नाही.

ज्याच्याकडे आज थोडे जास्त आहे त्याने वचन पाठवण्याआधी घरी जाऊन यावे. गेल्यावर फार बोलू नये. भांडी घासायची असतील तर घासावीत, मुलांचा अभ्यास घ्यावा, बँकेच्या रांगेत उभे राहावे. वचन नंतर वाचता येते, आणि तेव्हा ते ऐकूही जाते.

मंडळीच्या खजिनदारांसाठी एक विनंती. मदत-निधीचा हिशेब चोख असावा, आणि घेणाऱ्याचे नाव सभेत वाचून दाखवू नये. फिलिप्पैच्या लोकांनी किती नाणी पाठवली ते पौलाने पत्रात कुठेही लिहिलेले नाही. ती रक्कम त्याला आणि एपफ्रदीताला ठाऊक होती, तेवढे पुरले.